चाळीस घोड्यांची फियाट

मुंबईहून भोपाळला मोटारीने जावयाचे म्हणजे सुमारे आठशे किलोमीटरांचा पल्ला. कुर्ल्याहून निघालेला आग्रा रस्ता ठाणे, शहापूर मागे टाकून कसाऱ्याचा घाट चढतो, नाशिक-धुळ्यावरून बिजासनचा घाट ओलांडून सेंधव्याला येतो, पुढे माळव्याच्या पठारावर चढतो, आणि इंदूर-देवासवरून भोपाळात पोहोचतो. भोपाळच्या पूर्वेस, रायसेन रस्त्यालगत, इंद्रपुरी नावाची वसाहत आहे. तिच्या शेजारीच विजेची अवजड यंत्रे बनविणारा तो मोठा सरकारी कारखाना आहे, ज्याची कंपनी १९५६ साली स्थापन झाली आणि जो नोव्हेंबर १९६० मध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते राष्ट्रास अर्पण झाला. या कारखान्याच्या ओढीने नाना प्रांतांतील माणसे भोपाळात आली, त्यांत मराठी कुटुंबेही होती. सुटीत देशी जाणे आणि सुटी संपताच परत येणे हा त्यांचा वार्षिक क्रम असे. ज्यांच्याजवळ स्वतःची मोटार असे, त्यांची ती मोटार एके काळी बहुधा फियाट किंवा अँबॅसेडर असावयाची; तिसरी निवड म्हणजे स्टँडर्ड हेरल्ड.

यांतील फियाटचे इंजिन १०८९ घन सेंटिमीटरांचे, चाळीस अश्वशक्तीच्या आसपासचे. पाच माणसे, टपावर बिछाने आणि पाठीमागे लोणच्याच्या बरण्या घेऊन ती कसारा चढू लागली की मागून येणाऱ्याचा धीर सुटे आणि पुढे बसलेल्याचे लक्ष तापमानाच्या काट्याकडे लागे. घाटाच्या वळणावर बॉनेट उघडून, रेडिएटरच्या टोपणावर ओले फडके टाकून उभी असलेली फियाट हे त्या काळचे नित्याचे दृश्य होते. मग प्रत्येक मालकाच्या मनात एक प्रश्न येई : हिची शक्ती वाढविता येणार नाही काय? आणि लगेच दुसरा : वाढविली तर ही टिकेल काय?

हे दोन प्रश्न याच इंजिनाच्या जन्मापासून त्याच्यामागे लागलेले होते, आणि त्यांची उत्तरे देण्याचा प्रयत्न ट्यूरिनच्या कारखान्यापासून कुर्ल्याच्या गराजापर्यंत अनेकांनी आपापल्या परीने केला. या एका इंजिनाचा इतिहास तपासला तर यंत्रविद्येतील एक मोठा व्यवहार नीट समजतो.

हे इंजिन प्रथम १९३७ साली फियाट कंपनीच्या ‘५०८ सी’ या गाडीत बसविले गेले. गाडीचा आराखडा दान्ते जाकोसा या तरुण इंजिनियराचा होता. सिलिंडरचा व्यास ६८ मिलिमीटर आणि पिस्टनची धाव ७५ मिलिमीटर. असे चार सिलिंडर मिळून १०८९ घन सेंटिमीटर होतात. त्या काळी अनेक स्वस्त मोटारींच्या इंजिनांत झडपा सिलिंडरच्या बाजूस असत. जाकोसाने त्या वर, हेडमध्ये ठेवल्या. त्यामुळे पेट्रोल आणि हवेचे मिश्रण आत येण्याचा आणि धूर बाहेर जाण्याचा मार्ग सुटसुटीत झाला. क्रँकशाफ्ट मात्र तीनच बेअरिंगांवर फिरणारा होता. आरंभीची शक्ती बत्तीस अश्वशक्ती. सेकंदाला पंचाहत्तर किलो वजन एक मीटर उचलणे म्हणजे एक अश्वशक्ती असा युरोपातला हिशेब आहे. प्रत्यक्षातला घोडा इतके काम दिवसभर करू शकत नाही हे टांगेवाल्यांस ठाऊकच असते.

इंजिनाची शक्ती वाढविण्याचे मार्ग तसे थोडे आहेत, आणि सगळ्यांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे. इंजिन हा हवेचा पंप आहे. एका मिनिटात जितकी अधिक हवा आत घेता येईल, तितके अधिक पेट्रोल जाळता येईल. याकरिता सिलिंडर मोठा करावा, किंवा तो अधिक पूर्ण भरावा, किंवा इंजिन अधिक वेगाने फिरवावे. चौथा मार्ग म्हणजे आत आलेले मिश्रण अधिक दाबून मग पेटवावे, म्हणजे त्याच पेट्रोलातून थोडे अधिक काम निघते. यांपैकी प्रत्येक मार्गावर कोठे ना कोठे जकात भरावी लागते.

वेगाची जकात सर्वांत जड. पिस्टन सिलिंडरच्या वरच्या टोकास जाऊन थांबतो, उलट फिरतो, पुन्हा थांबतो. या थांबण्या-फिरण्याचा ताण फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. मिनिटाला ४८०० फेऱ्यांवर या इंजिनातील पिस्टनची सरासरी गती सेकंदाला बारा मीटर होते. फेरे सहा हजार केले तर गती पंधरा मीटर होते. वाढ सव्वापटीचीच दिसते, पण कनेक्टिंग रॉडवरचा ताण मात्र दीडपटीहून अधिक झालेला असतो. तीन बेअरिंगांवरचा क्रँकशाफ्ट अशा वेळी दोन आधारांमध्ये धनुष्यासारखा वाकू पाहतो. वाकण्याचे हे प्रमाण डोळ्यांस दिसणारे नसले तरी बेअरिंगच्या मऊ धातूस ते चांगलेच कळते.

असे असूनही या बापुड्या इंजिनाने शर्यती जिंकून दाखविल्या. महायुद्ध संपल्यावर पिएरो दुसिओ या ट्यूरिनच्या धनिकाने ‘चिसितालिया’ नावाने शर्यतीच्या गाड्या काढल्या, आणि त्यांचा पहिला आराखडा जाकोसाकडूनच करून घेतला. युद्धाने होरपळलेल्या इटलीत नवे इंजिन घडविण्याची ऐपत कोणात होती? तेव्हा फियाटचेच १०८९ घन सेंटिमीटरांचे इंजिन घेतले गेले. त्याचा दाब वाढविला, तेल तळाशी साठविण्याऐवजी वेगळ्या टाकीत ठेवून पंपाने फिरविले, आणि शक्ती साठ अश्वशक्तीच्या घरात नेली. म्हणजे मूळच्या जवळजवळ दुप्पट. १९४६ साली ट्यूरिनच्या शर्यतीत दुसिओ स्वतः या गाडीत बसून जिंकला. त्याच शर्यतीत ताझिओ नुवोलारी या विख्यात चालकाच्या गाडीचे सुकाणूचक्र निखळून हातात आले, आणि ते उंच धरून हलवीत तो आपल्या मिस्त्र्यांसमोरून गेला अशी हकीकत प्रसिद्ध आहे. पुढल्या वर्षी, वय चोपन्न आणि फुप्फुसे आजाराने जर्जर झालेली असता, याच नुवोलारीने चिसितालिया घेऊन ‘मिल्ले मिल्या’ ही सुमारे अठराशे किलोमीटरांची शर्यत भर पावसात धावून काढली आणि दुसरा क्रमांक मिळविला. त्याच्यापुढे राहिलेली आल्फा रोमिओ जवळजवळ तिप्पट मोठ्या इंजिनाची होती. मुंबई ते इंद्रपुरी जाऊन-येऊन भरेल त्याहून अधिक अंतर या छोट्या इंजिनाने एका दमात काटले.

पण येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. शर्यतीचे इंजिन शर्यत संपल्यावर उघडले जाते. त्याचे बेअरिंग बदलतात, झडपा घासतात, प्रसंगी पिस्टनही नवे घालतात. त्याचे आयुष्य तासांत मोजतात. टॅक्सीचे इंजिन वर्षांत मोजावे लागते.

फियाट कंपनीने स्वतःच्या गिऱ्हाइकांसाठी जी वाढ केली ती फार सावधपणाची होती. १९५३ साली नव्या बांधणीची ‘११०० / १०३’ ही गाडी आली तेव्हा शक्ती छत्तीस अश्वशक्ती होती. सोळा वर्षांत केवळ चार घोडे वाढले! ज्यांना घाई असे त्यांच्यासाठी त्याच सालापासून दुसरा वेगवान प्रकार होता, त्यात जोडनळीचा कार्ब्युरेटर आणि अधिक दाब देऊन शक्ती पन्नासच्या आसपास नेलेली असे, आणि किंमतही तशीच. पुढे १९६२ साली ‘११०० डी’ निघाली. तीत सिलिंडरचा व्यास ६८ चा ७२ मिलिमीटर केला, धाव मात्र ७५ च ठेवली. आकार झाला १२२१ घन सेंटिमीटर आणि शक्ती पन्नास अश्वशक्ती. धाव न वाढविता व्यास वाढविण्यातले शहाणपण असे की पिस्टनची गती वाढत नाही आणि क्रँकशाफ्टही बदलावा लागत नाही. पंचवीस वर्षे वापरात असलेल्या इंजिनात किती धातू शिल्लक आहे, कोठे जाडी अधिक ठेवलेली आहे, हे घरच्यांस नेमके ठाऊक होते, म्हणून हे साधले.

आता भारताकडे वळू. सोलापूरला जन्मलेले वालचंद हिराचंद यांना मोटार, विमान आणि जहाज ही तिन्ही वाहने या देशात बनवावयाची होती. विमानाचा कारखाना त्यांनी १९४० साली बंगळूरला उभारला, जहाजाचा १९४१ साली विशाखापट्टणला. मोटारीसाठी मात्र सरकारदरबारी त्यांना बराच काळ तिष्ठावे लागले. विश्वेश्वरय्यांसारखा द्रष्टा पुरुष या योजनेच्या पाठीशी होता तरी काम हलेना. अखेर १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन झाली आणि १९४७ साली कुर्ल्याच्या कारखान्यातून अमेरिकन बनावटीच्या गाड्या बाहेर पडू लागल्या. फियाटशी संबंध जुळला तो १९५० नंतर. वालचंदशेठ १९५३ साली निवर्तले. फियाटच्या गाडीने मुंबईचे रस्ते भरलेले पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. त्याच सुमारास सरकारने ठरविले की नुसती जोडणी करणाऱ्यांस येथे स्थान नाही, सुटे भाग येथेच क्रमाक्रमाने बनवावे लागतील. शिवडीस १९२८ पासून गाड्या जोडणाऱ्या जनरल मोटर्सने १९५४ साली आपला गाशा गुंडाळला. प्रीमियर राहिली.

१९६४ साली कुर्ल्यात ‘११०० डी’च्या बांधणीची गाडी निघू लागली. लोकांनी तिला ‘डिलाइट’ या नावाने ओळखले. पुढे १९७० नंतरच्या दशकात तीच ‘प्रेसिडेंट’ आणि मग ‘पद्मिनी’ झाली. अंग नवे, पण इंजिन जुन्याच मापाचे राहिले : १०८९ घन सेंटिमीटर, चाळीस अश्वशक्ती. इटलीत १२२१ चे इंजिन चालू असताना येथे ते का आणले नाही, असा प्रश्न अनेक मोटारशौकिनांनी पुढे विचारला आहे, आणि त्यात कंजूषपणाचा आरोपही असे. तो सर्वस्वी न्याय्य वाटत नाही. कुर्ल्यात ६८ मिलिमीटरच्या सिलिंडरांसाठी यंत्रे, साचे आणि मापे एव्हाना बसली होती. परकीय चलन दुर्मीळ होते, नव्या यंत्राच्या आयातीला परवाना लागे. येथले साधे पेट्रोल हलक्या ऑक्टेनचे. गाडीसाठी गिऱ्हाईक वर्षानुवर्षे रांगेत उभे. काही काळ तर गाडीची किंमतही सरकार ठरवून देई, आणि तो वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. अशा स्थितीत दहा घोडे वाढविण्याची निकड कंपनीस भासली नाही, यात नवल ते काय? मात्र पुढे परिस्थिती पालटली तरी इंजिन तेच राहिले, आणि त्याचा दोष कारखान्याकडे जातोच.

कारखान्याने जे केले नाही ते गराजांनी करून पाहिले. कुर्ला, ग्रँट रोड, ऑपेरा हाऊस या भागांत फियाटवर आयुष्य घालविलेले मिस्त्री होते. त्यांच्यातील काहींनी तंत्रशाळेचे तोंडही पाहिले नसेल, पण इंजिन चालू करून बॉनेटवर हात ठेवला की कोणता टॅपेट सैल आहे ते ते सांगत. त्यांच्याकडे शक्ती वाढविण्याचा सर्वांत लोकप्रिय उपाय म्हणजे हेड ‘प्लेन’ करणे. हेडचा तळ यंत्रावर थोडा खरवडून काढला की मिश्रण दाबण्याची जागा कमी होते आणि दाब वाढतो.

याचा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. एका सिलिंडरची जागा सुमारे २७२ घन सेंटिमीटर. दाबाचे प्रमाण साडेसातास एक धरले तर वर उरणारी जागा सुमारे ४२ घन सेंटिमीटर होते. हेड एक मिलिमीटर खरवडले तर त्यातली फार तर साडेतीन-पावणेचार घन सेंटिमीटर जाते आणि प्रमाण आठाच्या किंचित वर चढते. उष्णतागतिकीच्या नियमानुसार यातून अडीच टक्के अधिक काम निघते. चाळीस अश्वशक्तीचे अडीच टक्के म्हणजे एक घोडा! या एका घोड्यासाठी हलक्या पेट्रोलावर इंजिन ‘नॉक’ करू लागते, म्हणजे मिश्रण शिस्तीने जळण्याऐवजी एकदम भडकते आणि पिस्टनच्या डोक्यावर घणाचे घाव बसतात. मग मिस्त्री ठिणगीची वेळ मागे घेतो, आणि मिळालेला घोडा परत तबेल्यात जातो. मालकाला मात्र गाडी ‘हलकी’ वाटू लागलेली असते, कारण त्याच वेळी टॅपेट, प्लग, पॉइंट आणि कार्ब्युरेटर यांची नीट जुळणी झालेली असते. फरक पडला तो बहुतांशी या जुळणीने.

सिलिंडर ‘बोअर’ करण्याची गोष्टही अशीच. झिजलेला सिलिंडर सरळ करण्यासाठी तो दशांश मिलिमीटरांनी मोठा करून जाड पिस्टन घालीत. ६८ चा ६८.६ मिलिमीटर झाला तर इंजिन एकोणीस घन सेंटिमीटरांनी वाढते. त्यामुळे जीर्ण होत चाललेली गाडी कागदावर थोडी थोडी मोठी होत जाते हा त्यातला विनोद. याहून पुढे गेले की सिलिंडरची भिंत पातळ होऊन उष्णता नीट बाहेर पडत नाही. तेव्हा शहाणा मिस्त्री आत लोखंडी स्लीव्ह ठोकून पुन्हा मूळ मापावर येई. हौशी तरुण मात्र कॅमशाफ्ट घासून घेत, दोन कार्ब्युरेटर लावीत. अशा फियाट मद्रासजवळच्या शोलावरमच्या जुन्या धावपट्टीवर शर्यतीत धावत. त्यांना आयुष्याची चिंता नव्हती. रविवार निभावला की पुरे.

टॅक्सीवाल्याचा हिशेब अगदी वेगळा होता. त्याची गाडी दोन पाळ्यांत चाले, बहुधा दोन चालक असत. दिवसा एकाचे पोट तिच्यावर, रात्री दुसऱ्याचे. इंजिन खाली उतरले म्हणजे दोन घरांतली चूल मंदावली. डॅशबोर्डवर कोणाचा गणपती, कोणाचे मक्का-मदिनेचे चित्र, कोणाची माउंट मेरी. पण बॉनेटच्या खाली सर्वांचा एकच धर्म, आणि तो म्हणजे वेळच्या वेळी तेल बदलणे. शक्ती वाढवून देतो म्हणणाऱ्या मिस्त्र्याकडे असा चालक फिरकत नसे. त्याला हवे असे मंद फेऱ्यांवर ओढणारे, ट्रामच्या आणि पुढे बसच्या मागे तासभर रांगणारे, आणि तरी न तापणारे इंजिन.

आणि घाटाचे गणितही टॅक्सीवाल्याच्याच बाजूने आहे. भरलेली फियाट तेराशे किलोंची धरली, आणि घाटाचा चढ पंधरास एक असा मानला, तर ताशी तीस किलोमीटरांनी वर जाण्यास सुमारे दहा अश्वशक्ती लागते. रस्त्याचे आणि हवेचे घर्षण धरून फार तर बारा-तेरा. चाळीसची गरजच नाही! मग गाडी का धापा टाकते? कारण घाटात गाडी सावकाश जाते, समोरून वारा येत नाही, आणि इंजिन मात्र मन लावून उष्णता निर्माण करीत असते. जळालेल्या पेट्रोलाच्या उष्णतेचा एक तृतीयांशाच्या आसपासचा भाग पाण्यावाटे बाहेर जावा लागतो. रेडिएटर गाळाने भरलेला, पंख्याचा पट्टा सैल, पाण्याची वाहिनी आतून मऊ पडलेली, अशी अवस्था असेल तर दहा घोडे वाढवून गाडी दहा मिनिटे आधी उकळेल, इतकेच. भोपाळच्या रहिवाशास आणखी एक जकात असे. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे पाचशे मीटर उंच. तेथे हवेचा दाब पाच-सहा टक्क्यांनी कमी. त्यात मे महिन्याचे ऊन हवा आणखी विरळ करते. कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेले चाळीस घोडे इंद्रपुरीच्या दारात पोहोचेपर्यंत छत्तीस-सदतीस उरत, तेही इंजिन निरोगी असल्यास. म्हणून जुन्या जाणत्या मिस्त्र्यांची पहिली शिफारस रेडिएटर उघडून स्वच्छ करण्याची असे, आणि ती गिऱ्हाइकाला नेहमी फार मामुली वाटे.

शक्तीच्या हव्यासाने जगाला जी सर्वांत मोठी जकात भरावी लागली ती शिशाची. १९२१ साली अमेरिकेत टॉमस मिजली या संशोधकाने पेट्रोलात शिशाचे एक संयुग मिसळून ‘नॉक’ बंद केला. त्यामुळे दाब वाढविता आला आणि लहान इंजिनांतून अधिक शक्ती काढता आली. त्या शिशाचा धूर मात्र दोन-तीन पिढ्यांच्या मुलांच्या रक्तात गेला. भारतात १९९५ साली चार महानगरांत शिसेरहित पेट्रोल मिळू लागले आणि फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसे बंद झाले. अल्जीरियात हे व्हावयास २०२१ साल उजाडावे लागले. एका शोधाचे दुष्परिणाम आवरण्यास शंभर वर्षे लागली, ही यंत्रयुगाच्या इतिहासातली अभिमानाची गोष्ट नव्हे.

१९८३ च्या डिसेंबरात मारुती आली आणि फियाटच्या चाळीस घोड्यांची कसोटी लागली. मारुतीचे इंजिन ७९६ घन सेंटिमीटरांचे, शक्ती चाळीसच्या थोडी आतच. पण गाडी वजनाने इतकी हलकी की ती फियाटला सहज मागे टाकी. शक्ती वाढविण्याचा एक मार्ग वजन कमी करणे हा आहे, हे लोकांना तेव्हा प्रत्यक्ष दिसले. प्रीमियरने उत्तरादाखल १९८५ साली ‘११८ एनई’ ही गाडी काढली. अंग फियाटच्या ‘१२४’चे आणि इंजिन निस्सानचे : ११७१ घन सेंटिमीटर, बावन्न अश्वशक्ती. आकारात जेमतेम ऐंशी घन सेंटिमीटरांची वाढ, शक्तीत मात्र बारा घोड्यांची. त्या इंजिनाचा क्रँकशाफ्ट पाच बेअरिंगांवर फिरे. अधिक फेऱ्यांचा भार सोसण्याची तयारी तेथे मुळातच केलेली होती. अँबॅसेडरवाल्यांनीही १९९२ साली जुन्या इंजिनाला डागडुजी करण्याचा नाद सोडून १८१७ घन सेंटिमीटरांचे इसुझूचे इंजिन घेतले. एका मर्यादेपलीकडे जुने इंजिन वाढविण्यापेक्षा नवे बसविणे स्वस्त पडते, हे दोन्ही कारखान्यांस उशिरा का होईना उमगले.

मुंबईच्या टॅक्सींच्या वाट्यास मात्र उलटाच प्रवास आला. तेथे शक्ती वाढली नाही, घटली. अनेकांनी काटकसरीपायी डिझेल इंजिने बसविली. मग एकविसाव्या शतकाच्या आरंभी, धुराने गुदमरलेल्या शहराच्या वतीने उच्च न्यायालयात गाऱ्हाणे गेल्यावर, जुन्या टॅक्सींना सीएनजी घेणे भाग पडले. वायू सिलिंडरात हवेची जागा व्यापतो, त्यामुळे पेट्रोलच्या मानाने दहा टक्क्यांच्या आसपास शक्ती कमी मिळते, आणि डिकीत लोखंडी टाकीचे वजन येते ते वेगळेच. चाळीस घोड्यांची गाडी पस्तिसांवर आली तरी चालत राहिली. वांद्र्याच्या पुलाच्या चढावर ती हळू झाली असेल, पण दादरच्या गर्दीत कोणाला त्याचा पत्ता लागला नाही.

महाराष्ट्रात फियाटच्या लहान इंजिनाचा आणखी एक अध्याय घडला, आणि त्यात जुन्या प्रश्नाचे पुष्कळसे समाधान सापडते. पुण्याजवळ रांजणगावच्या कारखान्यात फियाटचे १२४८ घन सेंटिमीटरांचे डिझेल इंजिन बनू लागले. युरोपात ते २००३ साली आले होते. सिलिंडरचा व्यास ६९.६ मिलिमीटर, म्हणजे जाकोसाच्या इंजिनाहून १.६ मिलिमीटरच अधिक. धुराच्या जोरावर फिरणाऱ्या टर्बोने हवा कोंबून त्यातून पंचाहत्तर अश्वशक्ती काढली जाई. पुढे टर्बोची पाती फेऱ्यांनुसार कोन बदलतील अशी केली, कोंबलेली हवा थंड करून आत सोडली, आणि त्याच आकारातून नव्वद अश्वशक्ती मिळू लागली. फेरे वाढविले नाहीत, सिलिंडर खरवडला नाही. फक्त अधिक आणि थंड हवा दिली. हे शक्य झाले कारण ही वाढ सोसेल इतके लोखंड, तेलाचा प्रवाह आणि पाण्याचा फेर आराखड्यातच धरलेला होता. हेच इंजिन मारुती, टाटा आणि फियाट अशा तिन्ही नावांच्या गाड्यांत बसले. २०२० साली धुराचे नवे नियम आले तेव्हा त्यांच्या खर्चापुढे ते थांबले.

पद्मिनीचे उत्पादन २००० च्या सुमारास थांबले. कुर्ल्याच्या त्या जागेवर आता कोहिनूर सिटीच्या इमारती उभ्या आहेत. ‘प्रीमियर’ हे नाव आसपासच्या रस्त्यापुरते उरले आहे. शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंद २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या परिवहन कार्यालयात झाली. मुंबईत टॅक्सीचे आयुष्य वीस वर्षांचे ठरविलेले आहे. त्या नियमाप्रमाणे ‘एमएच ०१ जेए २५५६’ ही काळी-पिवळी गाडी ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस रस्त्यावरून उतरली, आणि तिच्याबरोबर मुंबईच्या टॅक्सींतील पद्मिनीचा काळ संपला. जाकोसाने ६८ मिलिमीटरचा सिलिंडर कागदावर आखला त्याला तेव्हा शहाऐंशीहून अधिक वर्षे झाली होती.